चाकांवरच्या घराचा हिशेब जुलैचा धरा
गोव्यात सत्तरीत किंवा सांग्यात वीज-नळाच्या जोडणीशिवाय चाकांवरचं छोटं घर उभं करायचं असेल, तर मांडणी पावसाळ्याची करा. उन्हाळ्यात एक किलोवॉट सोलर दिवसाला चारेक युनिट देतं. झडीच्या दिवसांत त्याच्या निम्म्याचाही भरवसा नाही. तेव्हा विजेवर दिवे, पंखा आणि थेट बॅटरीवर चालणारा छोटा डीसी फ्रीज एवढंच ठेवा. स्वयंपाक गॅसवर, इंडक्शनचा नाद नको.

पाणी भरपूर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर धरला, तर १५ चौरस मीटर छपरावर ४५,००० लिटर! पण ते बहुतेक चार महिन्यांतच पडतं. रोज १०० लिटर वापरलं तर ५००० लिटरची टाकी ५० दिवसांत संपते. म्हणून बारमाही विहीर जवळ असलेलीच जागा बघा, मग घर बघा.

तयार घरं घेताना वळचण आधी तपासा. बऱ्याच घरांना ती नसतेच. पाणी भिंतीवरून ओघळत खिडकीच्या फटीत शिरतं आणि कपाटामागे बुरशी धरते. चारी बाजूंनी दीड-दोन फूट पत्रा भिंतीबाहेर काढून घ्या, तोही नट-बोल्टवर सुटणारा, नाहीतर घर रस्त्याने नेताना अडेल. शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यातून सांडपाणी झटकन झिरपतं. आणि चाकं आहेत म्हणून परवानगी नको, असं कुणीही सांगितलं तरी पंचायतीत विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.