बातमीपत्रातून वर्गात: रेडिओवाल्याने हायस्कूलचा मास्तर कसं व्हावं

सोलापुरात रेडिओवर बातमीचं काम केलंय म्हणणारा माणूस बहुधा आकाशवाणीचा असतो. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं, एवढंच. म्हणजे तुम्ही अंशकालीन वार्ताहर असाल, नाहीतर महिन्याला जेमतेम सहा ड्यूट्या मिळणारे नैमित्तिक निवेदक. दोन्हींत नाव मिळतं, पण महिन्याचं गणित जुळत नाही. आवाज आहे, भाषा आहे, माहिती आहे, मग शाळेत जावं असं वाटतं. ते जमतं. मात्र वाट कागदांवरून जाते, म्हणून आधी कागद.

पहिला कागद पदवीचा. हायस्कूलमध्ये पत्रकारिता हा विषय नाही. भरती मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशी विषयवार होते. तुम्ही मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. केलं आणि वर बी.जे. (पत्रकारितेची पदवी) केलं असेल, तर चिंता नाही. मूळ पदवी धरली जाते. अडचण येते ती बारावीनंतर थेट जनसंज्ञापनाची तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांची. बी.एड.ला प्रवेश मिळून जातो, आणि भरतीच्या वेळी कळतं की गुणपत्रिकेत शालेय विषय पुरेसा नाही. अशांनी बी.एड.च्या आधी एखाद्या शालेय विषयाची पदवी पदरात पाडून घ्यावी. दोन-तीन वर्षं जास्त जातात, पण चुकीच्या क्रमाने गेलं तर त्याहून जास्त जातात.

बी.एड. दोन वर्षांचं. प्रवेशाला पदवीत खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना 45 टक्के लागतात. शिवाय राज्य सीईटी कक्षाची परीक्षा: 100 प्रश्न, 90 मिनिटं, बौद्धिक क्षमता, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. बातमीदाराचं सामान्यज्ञान तयार असतं. घात होतो तो आकृत्या आणि संख्यामालिकांत. रोज अर्धा तास, दोन महिने, फक्त त्याच करा.

नोकरी सांभाळून बी.एड. करू, या भरवशावर राहू नका. तासांना 80 टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकालाला 90 टक्के हजेरी लागते. हा छात्रसेवाकाल एकूण 20 आठवड्यांचा, त्यातले 16 आठवडे दुसऱ्या वर्षी सलग दिवसभर शाळेत. संध्याकाळच्या सभेतल्या, म्हणजे प्रसारणातल्या, सहा ड्यूट्या तेवढ्या बसतात, दिवसाचं वार्तांकन बसत नाही. सूक्ष्म अध्यापनात मात्र रेडिओवाला चमकतो: सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), पुन्हा सहा मिनिटं पाठ. घड्याळ पोटात असल्यासारखा तो वेळेवर थांबतो. पण त्या सहा मिनिटांत विद्यार्थी म्हणून समोर बसलेले सहाध्यायी काय करत होते, हे त्याला सांगता येत नाही. तिथेच खरं शिकायचं असतं.

यापुढे दोन परीक्षा, आणि लोक त्यांची गल्लत करतात. टीईटी ही पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीसाठी. नववी-दहावीला ती लागत नाही म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. आपल्याकडचं हायस्कूल बहुतेक वेळा पाचवी ते दहावी असतं आणि जागा सहावी ते आठवीच्या गटातही निघतात, म्हणून पेपर दोन काढूनच ठेवा. 150 प्रश्न, 150 मिनिटं, उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. दुसरी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 200 गुण, दोन तास, त्यात 120 अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. पवित्र पोर्टलवरची, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरची, निवड या गुणांवर होते. ती दरवर्षी होत नाही, हे ध्यानात असू द्या. डिसेंबर 2017 नंतर ती थेट 2023च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, मग 2025च्या मे-जूनमध्ये. एक संधी हुकली की वयोमर्यादेचं घड्याळ चालूच राहतं. चाळिशीकडे झुकलेल्या बातमीदाराने आधी जाहिरातीतली वयाची अट वाचावी आणि मगच राजीनामा लिहावा.

पवित्रवर खासगी अनुदानित संस्था मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय अशा दोन्ही तऱ्हांनी जागा देतात. मुलाखतीसहचा पर्याय रेडिओवाल्याने सोडू नये. पाठ घेऊन दाखवायचा असतो तिथे आवाजाचं चीज होतं. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधन. रेडिओवरची वर्षं या सेवेत धरली जात नाहीत. घरचं बजेट या आकड्यावर तीन वर्षांचं मांडून बघा.

पोर्टलबाहेरून, ओळखीने, एखाद्या संस्थेत जागा आहे असं कानावर आलं तर पाच गोष्टी विचारा. शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? संचमान्यतेत (शाळेला मंजूर पदांच्या यादीत) हे पद आहे का? बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या नोंदवहीत) ते कुठल्या प्रवर्गाचं आहे? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता कोण आणि कधीपर्यंत आणणार? शालार्थ आयडी, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन पगारप्रणालीतला क्रमांक, मिळणार का? शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर शासनाचा पगार सुरू होत नाही, मग नेमणुकीचा आदेश कितीही जाड कागदावर असो. उत्तर ‘बघू नंतर’ असं आलं तर बातमीदार म्हणून त्याचा अर्थ तुम्हाला कळतोच.

आता वर्ग. रेडिओचा आवाज एक वीत अंतरावरच्या माइकसाठी घडलेला असतो: जवळचा, मऊ, खाली उतरणारा. समोर साठ मुलं, डोक्यावर खडखडणारे पंखे, खिडकीबाहेर रस्ता. तिथे तो आवाज तिसऱ्या बाकावर संपतो. मग माणूस ओरडायला लागतो आणि दिवाळीपर्यंत घसा बसतो. आवाज चढवण्याऐवजी स्वर उघडा, वाक्याचा शेवट गिळू नका (निवेदकांची ही जुनी खोड), आणि वर्गाच्या मध्यावर येऊन बोला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. दिवसाला पाच-सहा तास बोलणं म्हणजे आठवड्याभराच्या ड्यूट्या एका दिवसात. खाकरण्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या, फळा ओल्या फडक्याने पुसा. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पण सगळ्यात अवघड बदल घशाचा नाही, शांततेचा आहे. प्रक्षेपणात काही सेकंद गप्प म्हणजे लॉगबुकात नोंद. ही भीती इतकी मुरलेली असते की रेडिओवाला प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधिकेने 1970च्या दशकात मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, बोलणारी मुलंही वाढतात. तीन सेकंद मोजायला सोपं माप आहे: मनातल्या मनात, निवेदनाच्या गतीने, ‘हे आकाशवाणीचं सोलापूर केंद्र आहे’ म्हणा. एकदा म्हणून हात वर आला नाही तर दुसऱ्यांदा म्हणा.

एक उदाहरण नीट बघू. मे महिन्यातली बातमी: ‘उजनीतला पाणीसाठा उणे 20 टक्के झाला आहे.’ बातमीपत्रात हे वाक्य वाचलं की तुम्ही पुढच्या बातमीवर जाता. नववीच्या वर्गात इथेच थांबायचं. विचारा, ‘उणे पाणी म्हणजे कसलं पाणी?’ आणि गप्प बसा. कुणीतरी म्हणेल, ‘धरण आटलं, सर.’ बरोबर-चूक काही म्हणू नका. फळ्यावर धरणाचा उभा छेद काढा, निम्म्याच्या जरा वर आडवी रेघ मारा. रेघेखाली मृतसाठा, म्हणजे सहसा वापरात न धरलं जाणारं पाणी, 63.66 टीएमसी (अब्ज घनफूट). रेघेवर उपयुक्त साठा, 53.57 टीएमसी. शून्य टक्के लिहायचं ते तळाशी नाही, या रेघेवर. आता 53.57चे 20 टक्के मुलांकडून काढून घ्या: 10.71. ते 63.66मधून वजा केले की उरतात 52.95. म्हणजे ‘उणे 20’ असतानाही धरणात जवळजवळ 53 टीएमसी पाणी आहे, म्हणजे साधारण अख्ख्या उपयुक्त साठ्याएवढं. मग पुढचा प्रश्न वर्गातूनच येतो: एवढं पाणी आहे तर आमच्या नळाला इतक्या दिवसांनी का येतं? तिथून जलवाहिनी, भीमेत सोडलेलं पाणी, औज बंधारा, ऊस, गाळ, सगळं निघतं. एका वाक्याला अख्खा 35 मिनिटांचा तास पुरत नाही. इथे टाचण वहीत (पाठाच्या तयारीच्या वहीत) आकडे आधीच तपासून लिहून ठेवा. फळ्यावर चुकलेला आकडा साठ वह्यांत जातो, आणि ‘चूकभूल’ सांगायला पुढचं बातमीपत्र नसतं.

हजेरी घेताना मात्र रेडिओची एक सवय जशीच्या तशी आणा. परदेशी पाहुण्याचं नाव आपण संहितेत उच्चारासकट लिहून घेतो. तसंच पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून नाव त्याच्या तोंडून ऐका आणि हजेरीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करा. पूर्व भागातले येमूल, गड्डम, बोल्ली, अक्कलकोटकडचे बिराजदार, कलशेट्टी. घरी तेलुगू, कानडी, उर्दू बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. पहिल्या महिन्यात त्यांच्या मराठीचे उच्चार सुधारायला जाऊ नका. प्रमाण भाषेचा आग्रह स्टुडिओत शोभतो. वर्गात त्याने मागचे बाक कायमचे मुके होतात.

परिपाठाच्या बातम्या तुमच्याच गळ्यात पडणार, तेव्हा त्या नीट बसवा. पाच मिनिटांचं क्यू शीट, म्हणजे क्रम आणि वेळेचा तक्ता, असं: ठळक बातम्या 30 सेकंद, तीन बातम्या प्रत्येकी 40, शाळेची बातमी 60, दिनविशेष 40, हवामान 20, पुन्हा ठळक बातम्या 30. पाच मुलं पुरतात: दोन वाचणारी, एक लिहिणारा, एक आकडे-नावं तपासणारा, एक घड्याळवाला. एका कागदावर एकच बातमी, एकाच बाजूला, पिन न मारता. संख्या अक्षरांत लिहून घ्या. 79 दिसला की माइकसमोर चांगली मुलंही अडखळतात, ‘एकोणऐंशी’ लिहिलं की वाचतात. माइक शिट्टी मारतो तो बहुतेक वेळा वाचणारा कर्ण्यापुढे उभा असल्यामुळे. त्याला कर्ण्याच्या मागे घ्या. प, फ, भ फुटत असतील तर माइक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या बाजूला.

बातमी निवडणं मुलांवर सोडा. 12 जानेवारीला हमखास भांडण होतं: जिजाऊ जयंती, विवेकानंद जयंती, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आणि 1931 साली त्याच दिवशी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे. 40 सेकंदांत चारही बसवायला गेलं की नुसती यादी होते. काय ठेवायचं ते त्यांना ठरवू द्या. हुतात्मे ठेवले तर नावं पूर्ण लिहायची आणि प्रत्येक नावानंतर तिरकी रेघ, रेघेला एक श्वास: मल्लप्पा धनशेट्टी / श्रीकिसन सारडा / जगन्नाथ शिंदे / कुर्बान हुसेन /