एअर पिस्तूलचा ग्रुप फुटतोय? छर्रे बदलण्याआधी या चुका टाळा

मनू भाकरने २०२४ साली पॅरिसमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलचं कांस्यपदक घेतलं. मिश्र सांघिक प्रकारात सरबज्योत सिंगसोबत दुसरंही मिळवलं. तेव्हापासून फोंडा, म्हापसा, डिचोलीकडचे पालक मला एकच प्रश्न विचारतात: "सर, छर्रे कुठले घेऊ? मुलाचे शॉट सगळीकडे जातात."

छर्रे चांगलेच हवेत, यात वाद नाही. पण नवख्याच्या फुटलेल्या ग्रुपला, म्हणजे टार्गेटवर विखुरलेल्या शॉट्सच्या पुंजक्याला, छर्रा क्वचितच जबाबदार असतो. चांगल्या मॅच पिस्तुलासोबत कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं. पिस्तूल पकडीत बांधून मारलेल्या शॉट्सचा तो ग्रुप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण ७ मिमी असतो. त्यातून छर्ऱ्याच्या स्वतःच्या भोकाचे ४.५ मिमी वजा करा. उरतात अडीच. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. मुलाचा ग्रुप तळहाताएवढा असेल, तर ४.४९ ऐवजी ४.५० मिमी डोक्याचे छर्रे आणून फार तर मिलिमीटरभर फरक पडेल. बाकीचं सगळं हातात, डोळ्यात आणि बोटात आहे.

नजर काळ्या गोलावर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती बाहेरून दिसत नाही. नेमबाज टार्गेट स्वच्छ बघायला जातो आणि पुढची साइट (बॅरलच्या टोकाचा नेम धरायचा खुंट, जो मागच्या साइटच्या खाचेतून बघायचा) धूसर होते. आता हिशेब बघा. मागच्या आणि पुढच्या साइटमधलं अंतर ३३० मिमी धरू. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली, की दहा मीटरवर शॉट ३० मिमी सरकतो. दोन वर्तुळांत ८ मिमीचं अंतर असतं, म्हणजे जवळजवळ चार गुण गेले. उलट साइट्स एका रेषेत ठेवून अख्खा हात ८ मिमी डोलला, तर एकच गुण जातो. हात डोलणारच, जगातल्या पहिल्या नंबरच्या नेमबाजाचाही डोलतो. त्या डोलण्याला घाबरून घाईने ट्रिगर ओढू नका. पुढच्या साइटची वरची कड धारदार दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट हवी आणि टार्गेटचा काळा गोल थोडा पुसट राहू द्या. तो पुसट दिसतो म्हणजे नजर योग्य जागी आहे.

मुलाची नजर नक्की कुठे आहे हे तपासायचं असेल, तर टार्गेट उलटं लावा, कोरी बाजू समोर. कोऱ्या कागदावर ग्रुप लहान झाला, तर दुखणं सापडलं. पुढचे काही दिवस कोऱ्या कागदावरच सराव करू द्या.

प्रत्येक शॉटमागे साइट फिरवणं

एक शॉट डावीकडे गेला की साइटचा स्क्रू दोन क्लिक उजवीकडे, पुढचा उजवीकडे गेला की पुन्हा डावीकडे. असं करणारा स्वतःच्याच चुकीच्या मागे धावत असतो आणि तासाभराने पिस्तूल मूळचं कुठे लागत होतं हेही कळेनासं होतं. किमान पाच शॉट, शक्यतो दहा, साइटला हात न लावता मारा. मग ग्रुपचा मध्य बघा. ग्रुप आवळलेला आहे पण बाजूला आहे, तरच साइट फिरवायची. पसरलेल्या ग्रुपवर साइट फिरवण्यात काहीच अर्थ नाही.

ग्रुपचा आकारही बोलतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट खाली डावीकडे जात असतील, तर बहुतेक ट्रिगर झटक्याने ओढला जातोय किंवा शॉट सुटायच्या क्षणी बाकीची बोटंही आवळली जाताहेत. मॅच पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा लागतो. ट्रिगर दोन टप्प्यांत ओढला जातो; पहिल्या टप्प्याचं वजन आधीच घेऊन ठेवा आणि उरलेला दाब सरळ मागे वाढवत न्या. आडवी पसरण बहुधा दर वेळी बदलणाऱ्या ग्रिपमुळे येते. उभी पसरण असेल तर पुढच्या साइटची वरची कड मागच्या साइटच्या समपातळीत राहते का ते बघा, आणि मग पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरचा दाब. दाब ठरावीक पातळीच्या खाली गेला की वेग पडतो आणि शॉट एकामागून एक खाली उतरू लागतात. हे शॉट क्रमाने खाली आले, की विस्कळीत, हे कळण्यासाठी वहीत शॉटचा क्रम लिहायची सवय लावा.

छर्ऱ्यांची चाचणी करायचीच असेल तर हे सगळं झाल्यावर करा. पिस्तूल पकडीत, नाहीतर टेबलावर भक्कम आधार देऊन, प्रत्येक डब्यातले दहा-दहा शॉट वेगळ्या कागदावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. छर्रे आणि साइट एकाच दिवशी बदलली, तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. छर्रे खिशात सुटे टाकू नका. मागची पातळ कड दबते आणि असा छर्रा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

घरातला सराव

दहा मीटर सलग जागा सगळ्यांकडे नसते. पाच मीटरवर अर्ध्या मापाचं टार्गेट लावून चांगला सराव होतो. काळा गोल ५९.५ ऐवजी साधारण ३० मिमी ठेवा. पण उंची चुकते. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो. मुलाची डोळ्याची पातळी १.६ मीटर असेल, तर पाच मीटरवर मध्य १.५ वर हवा. तो १.४ वरच ठेवला, तर घरी हाताला लागलेला कोन रेंजवर चुकतो.

टार्गेट चिऱ्यांच्या उघड्या भिंतीवर चिकटवू नका. छर्रा टणक जागेवर आपटला की परत उसळतो. मागे छर्रे अडवणारा पोलादी पेलेट ट्रॅप हवाच, आणि डोळ्यांवर चष्मा. टार्गेटच्या बाजूला दार, खिडकी किंवा बलकांव (व्हरांडा) असेल तर ती जागा सोडून द्या, कितीही सोयीची असली तरी. मॅच पिस्तुलाची ऊर्जा पाच-सहा ज्यूलच असते, पण डोळा जायला तेवढी पुरेशी आहे. शॉट मारत नसाल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं असल्याची रंगीत खूण), तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर. यात घरचं आणि रेंजचं असं वेगळं काही नसतं.

स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा न घालता ट्रिगर ओढू नका. पिस्टन थेट आपटून नुकसान होतं. ड्राय फायरची (छर्रा न घालता ट्रिगर ओढण्याची) सोय असलेल्या, सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या पिस्तुलातच ड्राय फायर करा, आणि तो भरपूर करा. खर्च शून्य, फायदा सगळ्यात जास्त.

हवा भरताना

इथे गोव्यात स्कूबावाल्यांकडून सिलिंडर भरून घेणं सोपं आहे आणि कोरडी, गाळलेली हवा मिळते, हे चांगलंच. फक्त भरण्याआधी स्पष्ट विचारा की टाकीत साधी हवा आहे ना. पाणबुडे वापरतात त्या नायट्रॉक्स मिश्रणात ऑक्सिजन जास्त असतो. तो किंवा शुद्ध ऑक्सिजन पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये कधीही भरू नका. जास्त दाबाखाली ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. त्याच कारणाने वॉल्व्हला आणि जोडणीला घरातलं तेल लावू नका. कंपनीने सांगितलेला दाब, बहुतेक पिस्तुलांत २०० बार, ओलांडायचा नाही आणि हवा सावकाश भरायची. सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर दिसायला नवाकोरा असला तरी बाजूला काढा; स्पर्धेतही ही जबाबदारी नेमबाजाचीच असते.

जूनपासून चवथीपर्यंत

आपल्या पावसात पिस्तूल फोमच्या पेटीत बंद करून ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. फोम ओल धरून ठेवतो. सराव झाला की घामाचे डाग पुसा, लोखंडी भागांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी बदला. छर्ऱ्यांवर पांढरी पूड दिसली तर तो डबा बाद. कागदी टार्गेटंही सुकी ठेवा. सर्दावलेला कागद फाटतो, गोल भोक पडत नाही, आणि मग नऊ की दहा यावर वाद होतो.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, सरावात खाणं-पिणं नको आणि नंतर साबणाने हात धुवा. लहान मुलं असलेल्या घरात ट्रॅपमधला चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने उचला.

अमेरिकेतले व्हिडिओ पाहून काही जण विचारतात, खऱ्या पिस्तुलाची काडतुसं घरी भरली तर स्वस्त पडतील का. त्यांना माझं उत्तर स्पष्ट नाही असंच असतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि पिस्तुलाचा परवाना असला म्हणून काडतुसं बनवायची मुभा मिळत नाही. एअर पिस्तूलला, ४.५ मिमीपर्यंत आणि २० ज्यूलच्या आत असेल तर, २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. तरी खरेदीची पावती पेटीतच ठेवा आणि रेंजवर नेताना पिस्तूल बंद पेटीतून न्या. कदंबाच्या (गोव्याच्या एसटीच्या) बसमध्ये ते मित्रांना दाखवायला बाहेर काढायचं नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.