सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट होत नाही: गॅरेजमध्ये नव्याने शिकणाऱ्यांसाठी

गॅरेजमध्ये काम शिकायला लागलं की दुचाकीची ही तक्रार पहिल्याच आठवड्यात समोर येते. सेल्फ फिरतो, किकही बसते, पण इंजिन पकडत नाही. आयटीआयमधून आलेल्या मुलांना चार स्ट्रोक तोंडपाठ असतात, तरी हात आधी जातो तो कार्बोरेटरकडे. ही सवय लागण्याआधीच मोडा. इंजिन सुरू व्हायला योग्य वेळी करंट (प्लगची ठिणगी), योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि पुरेसं कॉम्प्रेशन लागतं. यातलं काय कमी पडतंय ते ठरेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. गाडी सेकंडहँड असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: हिला शेवटचा पाना कुठे लागला होता? जुन्या गाडीतला बिघाड पुष्कळदा झिजेचा नसतो, आधी कुणीतरी केलेल्या अर्धवट कामाचा असतो.

म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं गाडी नुसती बघा. टाकीखालच्या वायरिंगला नवी काळी टेप, अलार्म बसवून काढल्याच्या खुणा, हेडलाइटच्या डोममध्ये एलईडीसाठी मारलेले जोड, कार्बोरेटरच्या स्क्रूच्या मोडलेल्या खाचा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावायची जागा) कव्हरभोवती ताजं सीलंट, असं जे दिसेल ते लिहून ठेवा. हेडलाइटच्या आत किंवा टाकीखाली वाळलेला गाळ आणि कपलरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर गाडी पाण्यात राहिलेली असू शकते. 2019 च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे असंख्य गाड्या अशा बुडाल्या होत्या. अशा गाडीचं इंजिन ऑइल आधी बघा. ते दुधाळ असेल तर सेल्फ मारू नका.

मग मालकाला विचारा. चालता चालता अचानक बंद पडली असेल तर संशय करंटवर. रोज थोडी जास्त किक लागत लागत बंद झाली असेल तर पेट्रोल, टॅपेट किंवा पिस्टनच्या रिंगा. धुतल्यावर किंवा पहिल्या पावसात बंद पडली असेल तर प्लग कॅप. तीन-चार महिने उभी होती म्हणाला तर बॅटरी आणि कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रं).

किल स्विच, पेट्रोल कॉक आणि साइड स्टँड हाताने तपासा, विचारून नव्हे. बॅटरीवर मल्टीमीटर लावा. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी आकडा 10 च्या खाली जात असेल तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण डीसी सीडीआय (बॅटरीवर चालणारा, ठिणगी पाडणारा डबा) किंवा ईसीयूला (इंजेक्शन गाडीतल्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पुरेसं व्होल्टेज मिळणार नाही आणि ठिणगी पडणार नाही. किकवर किंवा ढकलून गाडी सुरू होते आणि सेल्फवर होत नाही, याचं सगळ्यात साधं कारण हेच. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा.

आता प्लग काढा. बहुतेक 100 ते 150 सीसी गाड्यांना 10 मिमी आट्याचा प्लग असतो आणि त्याला 16 मिमीचा प्लगपाना लागतो. काढण्याआधी भोवतालची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. चार-पाच वेळा सेल्फ मारूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वर पोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही, किंवा ओव्हरफ्लो झालाय. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. सुका, काजळीसारखा काळा असेल तर मिश्रण जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टरही बघा. या एका प्लगवरून पुढचं निम्मं काम ठरतं, म्हणून तो घाईने पुसू नका.

करंट तपासताना प्लग कॅपमध्ये घालून त्याची चुडी हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून दूर. त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटते. कॅप नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर सीडीआय किंवा कॉइल जाऊ शकते. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट आवाजाची हवी. पिवळट, बारीक ठिणगी बाहेर दिसते पण आत कॉम्प्रेशनखाली विझते, कारण दाबाखालच्या हवेत उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे ‘करंट आहे’ एवढं म्हणून पुढे जाऊ नका. प्लगचा गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. तो मॉडेलप्रमाणे साधारण 0.6 ते 0.9 मिमी असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. शंका असेल तर नवा, त्याच नंबरचा प्लग लावून बघा.

करंट नसेल तर प्लगकडून मागे मागे जा. कॅप वायरीवरून आटे फिरवून काढा, वायरीचं टोक 5 मिमी कापून कॅप परत घट्ट बसवा. रेझिस्टर कॅपचा रोध सहसा 5 किलोओहमच्या आसपास असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. यानंतर सीडीआय एसी आहे की डीसी हे समजून घ्या, कारण दोघांची चाचणी उलट आहे. जुन्या 100 सीसी गाड्यांत एसी सीडीआय असायचा. त्याला वीज मॅग्नेटमधल्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकातल्या) वेगळ्या कॉइलमधून मिळते आणि गाडी बंद करताना स्विच एका वायरीला आर्थ देतो. होंडाच्या वायरिंगमध्ये ही वायर काळी-पांढरी असते. ती सीडीआयपासून सोडवा. करंट आला तर सीडीआय चांगला आहे, दोष स्विचमध्ये किंवा वायर कुठेतरी घासून आर्थ होण्यात आहे. डीसी सीडीआयला मात्र स्विचमधून 12 व्होल्ट मिळावे लागतात, तिथे कपलरवर व्होल्टेज मोजायचं. अलार्म काढताना कापलेली वायर बहुतेक वेळा इथेच सापडते. हे सगळं नीट निघालं तर पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ कळवणारी) आणि एचटी कॉइलचा (प्लगला जास्त व्होल्टेज देणारीचा) रोध मॅन्युअलशी ताडून बघा. सीडीआय सगळ्यात शेवटी बदलायचा, आणि कपलर बसतो म्हणून दुसऱ्या मॉडेलचा लावायचा नाही.

करंट जोरदार आहे, प्लग कोरडा आहे, तर पेट्रोल. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून स्वच्छ बाटलीत धरा. धार सलग हवी. सुरुवातीला चांगली येऊन मंदावली तर टाकीचं झाकण उघडून बघा. धार लगेच वाढली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. झाकण उघडूनही फरक नसेल तर कॉकची जाळी. मग फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सैल करून बाहेर येणारं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दोन मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी उतरतात, आणि रिझर्व्हची नळी तळाजवळूनच ओढते. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करा, नुसता कार्बोरेटर धुऊन भागत नाही.

कार्बोरेटर खोलण्याआधी एक चाचणी वेळ वाचवते. छोटा चमचा, म्हणजे 2-3 मिली पेट्रोल प्लगच्या भोकातून टाका, प्लग बसवा, सांडलेलं पुसून घ्या आणि मगच सेल्फ मारा. जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग नको आणि कोरडी वाळू हाताशी हवी. गाडी दोन सेकंद पकडून बंद पडली तर करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन कामापुरतं आहे, दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. आता कार्बोरेटर खोला. सुरू होण्यासाठी महत्त्वाचा तो पायलट जेट, मेन जेट नव्हे. पायलटचं छिद्र केसाएवढं असतं, उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्यात डिंकासारखा थर बसतो. त्यात तार घालू नका, छिद्र मोठं झालं की ती गाडी पुन्हा नीट आयडलवर येत नाही. क्लीनर आणि हवा मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का पाहा. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहा. नंतर तेवढ्यावरच परत ठेवायचा. मॅनिफोल्डच्या रबराला चीर असेल तर तिथून फुकट हवा ओढली जाते, तेही बघून घ्या.

प्लग चिंब ओला आणि करंट चांगला असेल तर कॉक बंद करा, प्लग पुसून लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ मारा. पुन्हा ओव्हरफ्लो झाला तर फ्लोटची सुई.

कॉम्प्रेशन नव्या मुलांकडून हमखास राहून जातं, आणि विकायला काढलेल्या गाडीत तेच तपासायला हवं. टॅपेटचा आवाज लपवायला ते घट्ट करून ठेवलेले असतात. गॅप उरला नाही की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. इंजिन पूर्ण थंड असताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा, दोन्ही रॉकर सैल हालताहेत ना बघा, मग गॅप मोजा. या वर्गात तो बहुधा 0.05 ते 0.10 मिमी असतो, इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. टॅपेट बरोबर असूनही कॉम्प्रेशन गेज कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून छोटा चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन सगळं आहे, तरी गाडी उलट फायर करते किंवा किक पायावर परत येते? मॅग्नेटची चावी (शाफ्टवर मॅग्नेट जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेलीय किंवा टायमिंग चेन दात सरकलीय. मॅग्नेट आधी कुणी काढला असेल तर चावीच बघा.

1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असतं. चावी फिरवली की पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणता आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप. पडलेली गाडी असेल तर चावी बंद करून पुन्हा चालू करा, कारण कलल्याचा सेन्सर इंजिन अडवतो. इंजिनाचा दिवा विझत नसेल तर ईसीयूतला दोषाचा कोड वाचल्याशिवाय काही खोलू नका.

गाडी सुरू झाली की प्लग परत काढून नीट कसा. हाताने टेकेपर्यंत, मग टॉर्क पान्याने 10 ते 12 न्यूटन-मीटर. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जास्त ताकद सहन करत नाहीत. इंजिन गरम होऊ द्या, आयडल मॅन्युअलप्रमाणे लावा, बंद करून दहा मिनिटांनी गरम इंजिनावरच पुन्हा सेल्फ मारून बघा. पिकअप कॉइलचा दोष आणि घट्ट टॅपेट थंड गाडीत लपतात, गरम झाल्यावर दिसतात.