फोक्सवॅगन पोलो जीटी घाटात रस्त्याला चिकटून चालावी म्हणून काय करायचं

आधी टायर, मग बाकी सगळं. जुन्या जीटी टीएसआयला (टर्बो पेट्रोल इंजिनवाली) १८५/६० आर१५ मापाचे, म्हणजे १५ इंची रिमचे टायर यायचे, त्याऐवजी १६ इंची रिमवर २०५/५० टाका, बाहेरचा व्यास जेमतेम दीड टक्का वाढतो म्हणजे स्पीडोमीटर फार खोटं बोलत नाही. १७ इंची दिसतात भारी पण पुण्यातले खड्डे बघता रिम वाकायचीच, वर वजन वाढतं ते वेगळंच. अलॉय घेताना पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचं माप) ५×१००, म्हणजे ५ बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर, आणि मधलं भोक ५७.१ मिमी बघा, भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) लावा नाहीतर ८०-९० ला स्टीअरिंग थरथरतं. व्हील बोल्ट १२० एनएम (न्यूटन मीटर) ला आवळा, टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर दाखवणारा पाना), पान्यावर उभं राहून नाही!

मग स्प्रिंग. २५-३० मिमी खाली, बास, नाहीतर सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर रोज पोट घासणार. ओरिजिनल स्प्रिंग कापून घेऊ नका, कितीही स्वस्त पडलं तरी. शॉक अ‍ॅब्सॉर्बर ६० हजार किमी चाललेले असतील तर तेही त्याच वेळी बदला, काम एकदाच उघडतं.

मागच्या शॉकचा खालचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच फायनल आवळा, माझ्या गाडीचा एका गॅरेजवाल्याने लिफ्टवर हवेतच आवळला आणि बुश (सांध्यातला रबर) पिळून पाच महिन्यांत कुरकुरायला लागला. शेवटी अलाइनमेंट, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असल्याने तिथे फिरवायला काही नसतं, पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तेवढा नीट करून घ्या आणि मग एखाद्या रविवारी पहाटे ताम्हिणी घाट.