जुनं अंबाडीचं बी पेरण्याआधी

गेल्या वर्षीचं अंबाडीचं बी पेरलं आणि निम्मा वाफा रिकामा राहिला, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. पाऊस पडण्याच्या आठवडाभर आधी एवढं करा:

१. दहा बिया रात्रभर पाण्यात भिजवा.
२. सकाळी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. फडकं ओलसर हवं, त्यातून पाणी निथळायला नको.
३. चौथ्या दिवशी उघडून मोड मोजा. सात-आठ असले तर नेहमीसारखं पेरा. चार-पाचच असले तर बी दुप्पट टाका. त्याहून कमी असतील तर सरळ नवीन बी आणा, कारण मग सगळी मेहनत वाया जाते.

मोड आलेल्या बिया टाकून देऊ नका, कुंडीत लावा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. बाजूने फुटवे येतात आणि भाजीला कोवळा पाला मिळत राहतो.

एक मात्र सांभाळा. अंबाडीचं बोटांसारखं पान लांबून गांजासारखं दिसतं आणि गांजाची लागवड १९८५च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कुणी दिलेलं अनोळखी बी लावू नका. अंबाडीच्या पानाची बोटं देठाजवळ एकमेकांना जोडलेली असतात, गांजाची सुटी. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, मध्ये गडद लाल.