ट्रेकचे कपडे निवडताना या चुका टाळा: आधी घामाचा विचार, मग पावसाचा

जुलैतल्या रविवारी पहाटे ठाणे स्टेशनवर कसाऱ्याच्या लोकलला उभे असलेले ग्रुप पाहा. जीन्स, जाड कॉटनचा टी-शर्ट आणि त्यावर गुडघ्याखाली येणारा प्लास्टिकचा रेनकोट असा पोशाख कितीतरी जणांच्या अंगावर असतो. प्लॅटफॉर्मवर तो अगदी बरोबर वाटतो, कारण तिथे माणूस उभा असतो. आसनगावला उतरून माहुलीच्या चढाला लागलं की तासाभरात चित्र बदलतं. रेनकोटच्या आत घामाच्या धारा, मांड्यांना चिकटलेली जीन्स, आणि माथ्यावर वारा लागताच दातावर दात.

आपल्याकडे कपडे निवडताना "पाऊस असेल का, थंडी असेल का" एवढाच विचार होतो. पण ठाणे, नवी मुंबई आणि घाटाखालच्या सगळ्या पट्ट्यात खरा प्रश्न घामाचा आहे. पावसाळ्यात हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम उडत नाही. म्हणून ऋतू कोणताही असो, दोन वेगवेगळ्या वेळांसाठी कपडे लागतात: चढतानासाठी आणि थांबल्यानंतरसाठी. पुढच्या बहुतेक चुका या दोन वेळांची गल्लत केल्यामुळे होतात.

जीन्स आणि जाड कॉटन

जीन्स टिकाऊ असते, काट्याकुट्यात फाटत नाही, हे खरंच. पण भिजली की ती जड होते, गुडघ्यात वाकत नाही आणि दिवसभरात वाळत नाही. गोरखगडासारख्या ठिकाणी कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत. तिथे प्रत्येक पाऊल उचलताना ओली जीन्स मांडीला मागे ओढते आणि तोल सांभाळणं अवघड होतं.

सुती धागा साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओला सुती टी-शर्ट अंगाला चिकटून बसतो आणि वारा लागला की अंगातली ऊब ओढून घेत राहतो. चढताना अंग तापलेलं असल्यामुळे हे कळत नाही, दहा मिनिटं थांबलात की कळतं.

पर्याय महाग नाही. खेळासाठी मिळतो तो साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि हलक्या, विणकाम घट्ट असलेल्या नायलॉनची पँट पुरते. रस्त्यावर मिळणारी साधी ट्रॅकपँटसुद्धा जीन्सपेक्षा चांगली. फक्त तिला आतून सुती अस्तर नाही ना, एवढं पाहून घ्या. कुर्ता घालायचा असेल तर जरूर घाला, पण सिंथेटिक कापडाचा आणि आखूड. ओढणी मात्र सॅकच्या पट्ट्यात आणि झुडपात अडकते, ती घरीच ठेवलेली बरी.

पावसात कोरडं राहण्याचा हट्ट

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत दिवसभर चालून कोरडं राहता येत नाही. बाहेरचं पाणी अडवलं तर आतला घाम भिजवतो. "ब्रीदेबल" म्हणून विकली जाणारी महागडी जॅकेटं आतली वाफ बाहेर टाकतात, हे खरं. पण त्यासाठी आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार आणि दमट असावी लागते. कोरड्या, थंड प्रदेशात हा फरक मोठा असतो. खोपोली-कर्जतच्या पायथ्याशी बाहेरची हवाच उबदार आणि ओलीचिंब असते, तेव्हा वाफ जाणार कुठे? अशा जॅकेटपेक्षा काखेत चेन असलेलं, समोरून पूर्ण उघडणारं साधं जॅकेट इथे जास्त कामाचं. कोकणातल्या शेतकऱ्याचं इरलं आठवा. पाठ झाकलेली, समोरून मोकळं, आत वारा खेळता. वाकून लावणी करणाऱ्या माणसाला पाऊस अडवायचा होता आणि घामही घालवायचा होता.

तेव्हा पावसात भिजायची तयारी ठेवूनच निघा, सांभाळायची आहे ती अंगातली ऊब. चढताना पातळ टी-शर्टवर भिजा, हरकत नाही. डोंगराच्या धारेवर किंवा माथ्यावर पोचण्याआधी, आडोसा असतानाच, वारा अडवणारं जॅकेट चढवा. कापरं भरल्यावर चेन लावायला बोटंही वळत नाहीत, म्हणून ते आधी करायचं.

पोंचोबद्दल, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल, बिनबाह्यांच्या रेनकोटबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. येऊरच्या रस्त्यावर किंवा माथेरानच्या सपाट वाटांवर तो छान, सॅकही झाकली जाते. पण कातळातल्या पायऱ्यांवर आणि लोखंडी शिड्यांवर पोंचो घालू नका. उतरताना पुढचा पदर पायाखाली येतो, पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि वाऱ्यात तो डोक्यावर उलटतो. मुलांच्या शाळेच्या लांब रेनकोटचंही तेच. मुलांना कमरेपर्यंतचंच जॅकेट द्या.

सॅकवरचं कव्हर वरून येणारं पाणी अडवतं. पाठीकडून झिरपणारं पाणी मात्र थेट आत जातं. म्हणून सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी उघडून ठेवा आणि सगळं सामान तिच्यात भरा. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट, वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा. तो वाटेत काढायचा नाही. पायथ्याच्या गावात, परतीची गाडी पकडण्याआधी तो घालायचा. ओल्या अंगाने एसी लोकलमध्ये किंवा खाजगी एसी बसमध्ये बसणं म्हणजे माथ्यावरचा वारा पुन्हा तासभर अंगावर घेणं.

कोणी थरथर कापायला लागलं, बोलताना अडखळलं, पाय वेडेवाकडे पडू लागले, तर ते नुसतं दमणं समजू नका. शरीराचं तापमान खाली जात असल्याची ती लक्षणं आहेत. आडोशाला न्या, ओला टी-शर्ट काढा, कोरडे कपडे घाला, डोकं आणि मान झाका आणि शुद्धीत असेल तर गोड, गरम काहीतरी प्यायला द्या. राखून ठेवलेला जोड पायथ्याआधी उघडायचा तो याच वेळी. दारू अजिबात देऊ नका, तिने उष्णता आणखी वेगाने जाते. अंग गरम व्हायला लागलं नाही किंवा शुद्ध हरपू लागली, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

थंडीत: जाड जॅकेट घालूनच चढाला लागणं

ठाण्यात डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, त्यामुळे एक तर थंडीचे कपडे नेलेच जात नाहीत, नाहीतर कपाटातलं सगळ्यात जाड जॅकेट नेलं जातं. उंची वाढते तशी हवा दर हजार मीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होते. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या घरापेक्षा सुमारे १० अंशांचा फरक. त्यात वारा, आणि निरभ्र रात्री पठारावरून आकाशाकडे निघून जाणारी उष्णता. हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणाऱ्यांना पहाटे तीन वाजता जे जाणवतं, त्याचा अंदाज घोडबंदर रोडवर बसून येत नाही.

तरीही चढताना जाड जॅकेट नको. आत घाम साचतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत तेच जॅकेट आतून दमट होतं. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघताना किंचित थंडी वाजत असेल तर तुमचे कपडे बरोबर आहेत. पंधरा मिनिटांच्या चढात अंग तापतं.

एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ कपडे न्या: अंगालगत घाम शोषून बाहेर ढकलणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर वारा अडवणारा विंडचीटर. ऊब कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते. नुसता स्वेटर असेल तर वारा ती हवा उडवून नेतो, म्हणून विंडचीटर सोडू नका, वजनाला तो मूठभरच असतो. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब पूर्ण सोडत नाही. धनगरांची घोंगडी पावसात-दवात पिढ्यानपिढ्या चालत आली ती यामुळेच. कानटोपी आणि झोपायला कोरडे मोजे वेगळे ठेवा. चालताना घातलेल्या मोज्यांवर झोपलात तर पाय रात्रभर गार राहतात.

उन्हाळ्यात: कपडे कमी म्हणजे गारवा जास्त, हा समज

मार्च ते मे स्लीव्हलेस आणि शॉर्ट्स घालून कातळावर चढणारे दिसतात. सावलीत ते ठीक. उघड्या धारेवर ऊन थेट कातडीवर पडतं, खालून तापलेला कातळही भाजतो. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट जास्त गार ठेवतो. टोपी पुढे चोच असलेली नको, चहूबाजूंनी काठ असलेली हवी, म्हणजे मान आणि कान झाकले जातात. एक पंचा गळ्यात ठेवा. डोक्यावर घ्यायला, भिजवून मानेवर टाकायला आणि घाम पुसायला तोच चालतो.

आता वर ज्याला नको म्हटलं त्या सुती कपड्याबद्दल. घाटमाथ्याच्या पलीकडे, जुन्नरच्या बाजूला, उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. तिथे पातळ सुती शर्ट घाम धरून ठेवतो, तो हळूहळू उडतो आणि अंग गार होतं. तिथे सुती कापड चांगलंच. घाटाखाली मे महिन्यातल्या दमट हवेत मात्र तोच शर्ट नुसता ओला राहतो. त्यामुळे कॉटनबद्दल सरसकट हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा घाटाच्या कोणत्या अंगाला जाताय ते पाहा.

गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. गडद कपडे आणि उग्र अत्तर, दोन्ही टाळा.

पाऊस सरल्यावर: कुसळं

याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यात, फ्लीसमध्ये, सैल विणीच्या ट्रॅकपँटमध्ये घुसतात. एकदा घुसली की ती टोचत-टोचत आत सरकतात आणि धुऊनही निघत नाहीत. उपाय एकच: गुळगुळीत, घट्ट विणीची पूर्ण पँट, आणि तिची खालची कड मोज्याच्या बाहेर, बुटावर आलेली. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात जळवा असतात, तिथे उलट करायचं: पँट मोज्यात खोचायची.

मोजे आणि आतले कपडे

फोड येतात ते बहुतेक वेळा बुटामुळेच येतात असं मानलं जातं. ओला सुती मोजाही तितकाच दोषी. तो घडी पडून कातडीवर घासत राहतो. नायलॉन किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या आणि एक जोड जास्त ठेवा. टाचेला कुठे गरम लागल्यासारखं वाटलं तर ग्रुप पुढे जात असला तरी तिथेच थांबा आणि चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

मांड्या सोलवटतात त्याचं कारण घामातलं मीठ आणि आतल्या कपड्याची शिवण. मांडीपर्यंत येणारी, शिवण सपाट असलेली सिंथेटिक शॉर्ट आतून घाला, निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा. स्त्रियांनी सुती ब्राऐवजी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, हुक नसलेली, म्हणजे सॅकखाली पाठीत रुतत नाही.

दुकानात आरशासमोर उभं राहून निवडणं

ट्रायल रूममध्ये पाय समोरच्या बाकावर ठेवून पाहा, उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा. गुडघ्यात ताण येत असेल किंवा जॅकेट कमरेवर सरकत असेल तर ते नको. रेनजॅकेट एक माप मोठं घ्या, आत स्वेटर मावला पाहिजे.

नवे कपडे पहिल्यांदाच मोठ्या ट्रेकला घालू नका. ठाणेकरांना उपवनपासून येऊरचा चढ आहे, नवी मुंबईकरांना खारघरची टेकडी आहे आणि बेलापूरकडून पारसिकचा चढ आहे. भरलेली सॅक घेऊन एक सकाळ तिथे चालून या. कुठे घासतं, काय ओलं राहतं, सॅकचा पट्टा कुठली शिवण दाबतो, हे दोन तासांत कळतं, आणि काही चुकलं तर रिक्षाने घरी येता येतं.

घरी आल्यावरच्या अडचणी

सिंथेटिक टी-शर्टचा वास धुऊनही जात नसेल, तर पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवा. फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम ओढून घेण्याची क्षमता जाते.

जॅकेटवर पाणी थेंबाथेंबाने न ओघळता कापडात मुरायला लागलं, तर ते लगेच टाकून देऊ नका. बऱ्याचदा मळ आणि तेलकटपणाच कारण असतो. सौम्य साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खळबळा, पूर्ण वाळवा आणि लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवा. तरी पाणी मुरत राहिलं तर बाजारात मिळणारा वॉटरप्रूफिंग स्प्रे मारा.

जॅकेटचा आतला थर चिकट होऊन सोलायला लागला असेल, तर मात्र इलाज नाही. दमट हवेत पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो, आणि ओलं जॅकेट घडी करून माळ्यावर टाकलं की हे लवकर होतं. नवीन घ्याल ते बाथरूमच्या दाराआड लटकवू नका. पूर्ण वाळवून, हॅंगरवर, वारा लागेल अशा जागी ठेवा. काही बुटांच्या तळव्यातही हेच पॉलियुरेथेन असतं. म्हणून मे महिन्यात बूट बाहेर काढून तळवा दोन्ही हातांनी वाकवून पाहा. सुटायचाच असेल तर घरी सुटू दे, जूनच्या पहिल्या ट्रेकला नको.