कोठडीतून आलेला पेशंट: वॉर्डात या चुका टाळा

पोलिसांबरोबर कुणी बडबडत आला की नव्या हाउस सर्जनचा हात आधी रेफरलच्या कागदाकडे जातो. "सायकॅट्रीचा आहे, धारवाडच्या मनोरुग्णालयात पाठवा." या घाईची मला चीड येते. अटकेनंतर दोन-तीन दिवसांनी अचानक बरळू लागलेला माणूस आधी मेडिसिनचा पेशंट, असंच धरून चाला.

खानापूरकडचा एक शेतमजूर असाच आला होता. कॉन्स्टेबल म्हणाला, "सोंग करतोय, साहेब." ड्यूटीवरच्या डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, म्हणून प्रश्न विचारायलाही तोच कॉन्स्टेबल. केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' लिहून मोकळे! मी जवळ गेले तर तो चादरीवरून नसलेले किडे वेचत होता, बोटं थरथरत होती, शर्ट घामानं चिंब. बायको दाराबाहेर ताटकळत होती. तिला विचारलं. "रोज लागायची ओ बाई, पोलिसांनी नेल्यापासनं थेंब नाही." दारू तुटल्यावरचा डिलिरियम, म्हणजे शरीराच्या बिघाडानं अचानक आलेला भ्रम. यात माणूस दगावतो, आणि त्याला 70-80 किलोमीटर जीपमधून पाठवायची तयारी चालली होती. लोराझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) यांवर चार दिवसांत तो स्वतःचं गाव, वार नीट सांगू लागला.

शुगर, ताप, नाडी, डोक्याला मार, शेवटची दारू कधी, एवढं कळल्याशिवाय मी रेफरलवर सही होऊ देत नाही. विचारपूस वॉर्डातल्या मराठी सिस्टरकडून करून घ्या. पोलिस नजरेच्या टप्प्यात असावा, कानाच्या नाही. आणि 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 94 वाचा: तातडीचे उपचार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत देऊ शकतो. 'आमच्याकडे सायकॅट्रिस्ट नाही' ही सबब चालत नाही.

दुसरी चूक केसपेपरवरच्या निकालाची. 'मनोरुग्ण, गुन्ह्याला जबाबदार नाही' असं रात्री दोन वाजता लिहू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 22 कृत्याच्या क्षणी मनाची अवस्था काय होती ते बघतं; तुमच्यासमोर आजची अवस्था आहे. काय दिसलं, तो काय बोलला, किती वाजता, एवढंच लिहा, त्याच्याच शब्दांत. कोर्टात तेच कामाला येतं.

बेड्या म्हणजे उपचार नव्हे. पेशंटला बांधायचंच झालं तर सायकॅट्रिस्टचा आदेश आणि कारण, दोन्ही लेखी हवं.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला दरडावू नका. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 त्याला तीव्र ताणाखाली होता असंच मानतं.

डिस्चार्जचा कागद पोलिसाच्या खिशात जाऊ देऊ नका. गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगातल्या डॉक्टरांना फोनवरही सांगा.